नादकाट्याला न कळलेल्या मुंग्या

मित्रांनो, नावात काटा असला तरी मी आजवर कुणाला टोचलेलो नाही. मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचे दोन लांब पाय आणि खाली एक दांडी, एवढाच माझा देह. मला तळहातावर आपटले की मी थरथरतो आणि माझ्यातून बारीक सूर निघतो. तो सूर चालू असेपर्यंत मी पूर्ण जागा असतो. बाकीचा वेळ पेंगण्यात जातो, त्यामुळे माझ्या आठवणीही जराशा धूसर आहेत.

मला घडवणारा कारागीर मात्र आठवतो. तो माझे पाय कानशीने घासायचा, मला कानाशी धरायचा आणि पुन्हा घासायचा. सूर जमला तेव्हा तो डोळे मिटून हसला. तिथून मी नसांचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे आलो. त्या मला रुग्णाच्या घोट्यावर टेकवून विचारायच्या, "थरथर जाणवते? थांबली की सांगा." नस बधिर असली की मी जाणवत नसे. "हा कधी चुकत नाही," असे त्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई. पुढे तारांची यंत्रे आली आणि माझी रवानगी खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी झाली. तिथे किती वर्षे गेली, कुणास ठाऊक.

एका दुपारी खण उघडला. समोर कपड्यांच्या कारखान्यात बटणे लावणारी एक बाई बसली होती. मांडीवर तिची पाच वर्षांची छकुली होती. लस घेतल्यावर आठवड्याभरात बाईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बोटांची आग होऊ लागली, मग हातातून सुई निसटू लागली. आठ महिने झाले होते. यंत्रांचे सगळे अहवाल चांगले आले होते आणि तेच तिच्या मुळावर आले होते.

"मुकादम म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत ना, मग जमत नसेल तर घरी बसा," ती म्हणाली. "आणि घरी हे म्हणतात, मनाचे खेळ आहेत."

"मुंग्या कुठपर्यंत येतात?" डॉक्टरबाईंनी विचारले.

उत्तर छकुलीने दिले. "पलंगावर पण येतात! मी रोज मुंग्यांच्या खडूची रेघ मारते ना, आईच्या पायांच्या चारी बाजूंनी. तरी येतात." मग जरा ओशाळून म्हणाली, "त्या दिसतच नाहीत, मग रेघ नक्की कुठे मारायची?"

डॉक्टरबाईंना हसू फुटले. आईही हसली आणि हसता हसता रडू लागली. इतक्या महिन्यांत त्या घरात तिचे म्हणणे खरे धरून काहीतरी करणारी ती चिमुरडी एकटीच होती.

मग डॉक्टरबाईंनी मला आपटले आणि बाईच्या घोट्यावर टेकवले. मला मनापासून वाटत होते की मी तिला जाणवू नये, म्हणजे तिचे म्हणणे सिद्ध होईल. पण मी तिला शेवटपर्यंत जाणवलो. "थांबलं," ती अगदी बरोबर वेळेला म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. मला मान असती तर मी खाली घातली असती.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"असं कुठे म्हटलं मी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा काटा जाड नसांचं सांगतो. बारीक नसांचं त्याला कळत नाही. लशीमुळे झालं की आणखी कशामुळे, हे मलाही आज सांगता येत नाही. अजून तपासण्या करू. पण त्रास होतोय तुम्हाला. ते मी लिहून देते."

त्यांनी लिहिले, "त्रास खरा आहे. कारण अजून कळलेले नाही. हलके काम द्यावे."

बाईने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, मग पुन्हा उघडून छकुलीला मोठ्याने वाचून दाखवला. पायांची आग तशीच होती, तरी ती निघाली तेव्हा सरळ चालत होती.

मी पुन्हा खणात आहे, पण आता झोप गाढ लागत नाही. मित्रांनो, कुणी काही होतंय म्हणाले, तर आधी जवळ बसा आणि कुठे होतंय ते विचारा. मला तिच्या पायातले काही ऐकू आले नाही, हे खरे. पण तिथे काही नव्हते, असे मी कधीही म्हणणार नाही.