भागिरथाबाईचं खरं वय

भागिरथाबाईनं धुतलेली बाटली सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून आत सरकवली. एरवी इंद्रभान कंपाउंडरनं डॉक्टरची चिठ्ठी पाहून बाटलीत दम्याचं औषध ओतलं असतं आणि पुढच्याला हाक मारली असती. आज त्यानं बाटली बाजूला ठेवली आणि १९७६ सालचं नवंकोरं रजिस्टर उघडलं.

"वय सांगा, बाई."

"अठ्ठावन."

सवयीनं निघून गेलं तोंडातून. चव्वेचाळीस वर्षं ती असंच सांगत आली होती, दर साली एकेक वाढवत.

इंद्रभाननं पेन खाली ठेवलं. "मंग नाई भेटत. नवा हुकूम आला. फुकट औषध आता बारा वर्साच्या आतल्या लेकराईले, अन् साठीच्या वरच्याईले. बाकीच्याईनं लखमीचंद शेटच्या दुकानातून इकत घ्या लागते."

त्यानं बाटली परत बाहेर ठेवली. भागिरथाबाई तिच्याकडे बघतच राहिली. दुकानातली एखादी बाटली कशीबशी परवडली असती. पण दमा काही एका बाटलीत मिटणारा नव्हता. औषध नसलं की बसून रात्र काढायची, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि खरं वय तर एकसष्ट होतं! घरात राबायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून बापानं तिला सतरा वर्षांची होईपर्यंत ठेवून घेतलं. मग स्थळ आलं ते पुंजाजीचं, आणि नवरदेव पंधराचा. बापानं तीन वर्षं अशी गिळली की ढेकरही दिला नाही. पोरगी चौदाची, १९१८ साली मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालची, असं त्यानं सोयऱ्यांना ठणकावून सांगितलं.

आता एक शब्द बोलायचा अवकाश होता. पण पिशवी घेऊन पुंजाजी शेजारीच उभा. लोक हसतील याची तिला फिकीर नव्हती. पुंजाजीनं आयुष्यात तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच जीभ उचलत नव्हती. एवढ्या भल्या माणसाला आपण पहिल्या दिवसापासून फसवलं, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?

तिनं बाटली उचलली. "चाला," ती म्हणाली.

"थांब." पुंजाजी खिडकीत वाकला. "इंद्रभान, एकसष्ट लिही गा."

"आता तं त्या अठ्ठावन म्हनल्या."

"तिले काय समजते! माह्यं वय बासष्ट. बायको माह्याहून एका वर्सानं लहान. मंग किती झाले?"

"तुमी बासष्टचे? दिसत नाई, बाबा."

"कसा दिसन? हिच्या हातचं खाऊन राह्यलो ना."

रांगेतली माणसं हसली. इंद्रभानही हसला आणि त्यानं आकडा लिहून बाटली भरून दिली.

भागिरथाबाई हसली नाही. पुंजाजी एकोणसाठचा होता. सासूनं त्याच्या जन्माची गोष्ट तिला शंभरदा ऐकवली होती. तिचं वय साठीच्या वरचंच सांगायचं तर तो पासष्ट म्हणाला असता, सत्तर म्हणाला असता. त्यानं नेमकं एकसष्ट सांगितलं होतं.

आपल्या गावच्या, इंझोरीच्या रस्त्याला लागल्यावर तिच्यानं राहवलं नाही.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तुह्या भावानं. भिवाजीच्या पोटात काई राह्यते काय? लग्नाच्या दुसऱ्याच दिवाळीले बोलून गेला."

"अन् तुमी काहून बोलले नाई?"

"बोलून तू लहान होनार होती काय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं ते पुसलं. पुंजाजी मुद्दाम दोन पावलं पुढे गेला, आणि ती जवळ येईपर्यंत थांबला.

"एक गोष्ट मातर मनात होती," तो म्हणाला. "इचारलं असतं तं तुले समजलं असतं, का मले ठाऊक हाय. मानमोडीत तू तीन वर्साची होती. मंग तुले माय आठवत असन."

तिची आई त्याच साथीत गेली होती. सासरी सगळे धरून चालत की भागिरथा तेव्हा अंगावर पिणारी, तिला काय आठवणार! बायका आपापल्या मायची गोष्ट काढत, तेव्हा ती गप्प बसून राही.

भागिरथाबाई रस्त्यातच उभी राहिली.

"आठवते," ती म्हणाली. "उंच होती. मले लखमा म्हने."

पुंजाजी बाभळीच्या सावलीत बसला आणि त्यानं तिच्यासाठी पिशवी अंथरली.

"अजून सांग," तो म्हणाला.

ती सांगू लागली. मध्येच धाप लागली की ती थांबे, आणि तोही वाट बघत राही.