मेहुण्याच्या हातातला दोर

मित्रांनो, जुना म्हणाल तर मी जुना आहे आणि नवा म्हणाल तर दरवर्षी नवा होतो. मी एक दोर आहे. रानातल्या वेलीच्या सालीपासून वळलेला, तीन पेडांचा आणि धुराने काळा पडलेला. चुलीच्या बरोबर वर मला गुंडाळून टांगलेले असते. खाली घर चालू असते, कोणी लाकडे फोडते, कोणी पडल्या पडल्या घोरते, आणि मी धुरात डुलक्या घेत असतो. डुलकी लागली की मला मी वेल असतानाचे दिवस दिसतात. तेव्हा मी एका उंच झाडाच्या गळ्यात पडून राहत असे. वारा आला की आम्ही दोघे हलायचो, आणि कोण कोणाला हलवते आहे ते आम्हाला कधीच कळत नसे.

एकदा त्या झाडाखाली एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ आले. बाईने माझ्यावर हात ठेवला आणि मला कुठे नेणार, कशासाठी नेणार, ते हळू आवाजात सांगितले. त्या रानात राहणाऱ्या लोकांत तशी रीतच आहे. वेलीला सांगितल्याशिवाय तोडायचे नाही आणि मूळ कधी उपटायचे नाही. मग माझी साल ओढ्यात भिजत पडली. ती ठेचून मऊ केल्यावर दोघे भावंडे समोरासमोर बसली. ती एका टोकाला पीळ द्यायची, तो दुसऱ्या टोकाला उलटा पीळ द्यायचा. तोंडेही गप्प नव्हती. लहानपणी कोण झाडावरून पडले आणि मार कोणी खाल्ला, यावरून दोघांचे यथेच्छ भांडण चालले होते. ते हसणे, चिडवणे सगळे माझ्यात वळले गेले. म्हणून मी त्या बाईला आई म्हणतो आणि तिच्या भावाला मामा. आईचा नवरा तो अर्थातच माझा बाबा.

बाबा मध काढायचा. रानाच्या कडेला एक उंच कडा आहे. त्याच्या पोटात आग्या माश्या मोठमोठी पोळी बांधतात. मोसम आला की बाबा मला कमरेला बांधून कड्यावरून खाली उतरायचा. माझे वरचे टोक मात्र मामाच्या हातात असायचे, दुसऱ्या कोणाच्याही नाही. यामागे साधा हिशेब आहे. मित्राचा हात एखाद्या वेळी सैल पडेल, पण आपल्या बहिणीचे घर उघडे पडेल असे भाऊ कधी करणार नाही. म्हणून या लोकांत दोर धरायचा तो मेहुण्यानेच. घरात त्या दोघांचे एकमेकांना टोमणे मारणे चालायचे, पण कड्यावर गेले की त्यांच्यामध्ये फक्त मी असायचो.

मामा दगडाला पाय टेकून बसायचा. मला पाठीमागून वळवून घ्यायचा. कड्याच्या धारेवर शेवाळाची गादी ठेवायचा आणि मला सतत थोडा थोडा सरकवत राहायचा, म्हणजे एकाच जागी घासून मी झिजू नये. बसल्या बसल्या तो माश्यांसाठी गाणे म्हणायचा. आम्ही पाहुणे आहोत, घरधनी तुम्ही आहात, असे काहीसे ते गाणे होते. पोळे कापून झाले की तो गाण्यातच विचारायचा, "वाटा ठेवला का?" खालून बाबा म्हणायचा, "ठेवला." मग मामा त्याला वर ओढायचा. वाटा म्हणजे पोळ्याचा खडकाला चिकटलेला हातभर भाग. तो माश्यांचा असतो. तो राहिला की माश्या परत येतात आणि तिथूनच पुढे बांधतात. जीव टांगणीला लागणे असे तुम्ही म्हणता ना, ते मी दर मोसमात पाहिले आहे. पण खरे सांगतो, त्या दिवसांइतकी शांत झोप मला पुन्हा लागली नाही. खाली एका माणसाचे काळीज धडधडायचे, वर दुसऱ्याचा तळहात उबदार असायचा, मध्ये माश्यांचा संथ गुणगुणाट, आणि मी ऊनवाऱ्यात अर्धा जागा, अर्धा झोपेत.

दरवर्षी मोसमाआधी आई आणि मामा माझा झिजलेला पेड उसवून नवा घालत. माझ्यात आता पहिल्या सालीची एक शीरही उरली नसेल. तरी मी तोच आहे, कारण हात तेच आहेत.

बाबाचे नाव होऊ लागले. मध विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात तो मला खांद्यावर टाकूनच जायचा. दुकानात निळे चकचकीत दोर वेटोळी करून मांडलेले होते. मी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडायचो. एकदा व्यापारी बाबाला म्हणाला, हे जुने दोरखंड टाकून दे आणि निळा दोर ने. बाबा म्हणाला, "त्याला कुणाचे हात लागलेत मला ठाऊक नाही." त्या दिवशी मी आनंदाने फुगलो. पण व्यापारी पुढे असेही म्हणाला की बाबासारखा उतरणारा या भागात दुसरा नाही आणि असा माणूस डबे अर्धे का आणतो हेच त्याला समजत नाही. ते बोलणे त्याच्या मनात घर करून राहिले.

त्या मोसमात बाबाने पोळी खडकापर्यंत खरवडली. मी त्याच्या कमरेला होतो, मी सगळे पाहिले. उघडा पडलेला ओला खडक पाहून मला गलबलून आले. वरून मामाने विचारले, "वाटा ठेवला का?" आणि बाबा म्हणाला, "ठेवला."

मित्रांनो, ते खोटे माझ्याच अंगावरून वर गेले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण ओरडायची गरज पडली नाही. टोपली वर आल्यावर मामाने मेणाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवले. बोटाला खडकाची कच लागली. त्याने टोपली खाली ठेवली, बाबाला पुरते वर ओढून घेतले आणि तो तडक घरी निघून गेला.

त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला. आईची फार ओढाताण झाली. सकाळी ती नवऱ्याला समजवायची आणि संध्याकाळी भावाला, आणि दोघेही मान हलवून तोंड फिरवायचे. मला चुलीवर टांगले ते कोणी खाली काढलेच नाही. पुढचा मोसम आला तेव्हा कडा रिकामा होता. जिथे पोळ्यांची रांग असायची तिथे फक्त एकच पोळे लागले होते. माझा नवा पेड वळायला मामा आला नाही. आईने माझे एक टोक खांबाला बांधले आणि एकटीनेच पीळ दिला. खांब तर उलटा पीळ देत नाही. मी कुठे घट्ट झालो, कुठे सैल राहिलो. आईला ते हाताला कळत होते आणि तिचे डोळे भरून आले होते.

बाबाला मात्र ते एक पोळेही हवे होते. व्यापाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायला त्याचे मन धजेना. मामा येणार नाही हे पक्के झाले तेव्हा त्याने त्या लोकांत कोणी केले नसेल असे केले. त्याने माझे टोक एका झाडाला बांधले. आईने खूप विनवले, पण तो खाली उतरला.

झाड चांगले होते. मला झाडांविषयी तक्रार नाही. पण झाड दोर सरकवत नाही, शेवाळाची गादी नीट करत नाही आणि गातही नाही. बाबा हलला की मी धारेवर एकाच जागी घासला जाऊ लागलो. मला गुंगी आल्यासारखे झाले. त्या गुंगीत मी पुन्हा वेल होतो, वाऱ्यावर हलत होतो, आणि मग माझा सैल वळलेला पेड तुटला. आवाज अगदी बारीक आला. खाली बाबाला तो ऐकू गेला नाही, पण आईला गेला. तिने माश्यांना धूर द्यायला पेटवलेली पाल्याची मोळी टाकली, ती माझ्यावर धावून आली आणि मला स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळून खाली बसली. बायकोने दोर धरायचा नाही असा नेम आहे. त्या क्षणी तिला नेम आठवला नाही. ती मागच्या झुडपांकडे न बघताच बोलली.

"सकाळपासून तिथे बसलायस, मला माहीत आहे. ये आणि धर."

झुडपातून मामा बाहेर आला. रागावलेला माणूस घरी बसून राहतो. हा राग घेऊन कड्याच्या वर येऊन बसला होता. त्याने तुटलेल्या जागेच्या पुढे, जिथे मी धड होतो तिथे, दोन्ही हातांनी मला पकडले आणि दगडाला पाय टेकले. तो तळहात लागला आणि माझ्या जिवात जीव आला. बाबालाही ते कळले असावे, कारण खालचे हलणे एकदम थांबले.

मामा गाऊ लागला. आवाज बसलेला होता. शेवटी त्याने विचारले, "वाटा ठेवला का?"

पोळ्याला अजून सुरी लागली नव्हती. बाबाने ती परत कमरेला खोचली.

"मागच्या खेपेला नाही ठेवला," बाबा म्हणाला. "या खेपेला हात लावत नाही. ओढ."

मामाने ओढले. आईनेही ओढले. बाबा वर आला आणि रिकामी टोपली बाजूला ठेवून मान खाली घालून बसला. मग मामाने माझा तुटका पेड हातात घेऊन पाहिला.

"दाजी, ताईने हा एकटीने वळला. दिसतंय," तो म्हणाला. "उद्या मी येतो. साल भिजत घालून ठेवा."

मित्रांनो, त्याला आता कितीतरी पावसाळे झाले. एका पोळ्याची दोन झाली, दोनाची तीन झाली, पण कड्यावरून अजून कोणी उतरलेले नाही. बाबा खाली नदीवर मासे धरतो. व्यापारी दुसऱ्याच कोणाची स्तुती करतो. मला आता काही काम नाही. तरीही दर मोसमाआधी मला चुलीवरून खाली काढतात, आई आणि मामा समोरासमोर बसतात आणि न झिजलेला पेडसुद्धा काढून नवा घालतात. आईने एकदा विचारले की उतरायचेच नाही तर हा खटाटोप कशाला. मामा पीळ देता देता म्हणाला, "माश्या त्यांचं काम विसरल्या नाहीत, मग आपण का विसरायचं?"

तुम्हीही रोज कुठून तरी काही घेता. झाडाकडून घेता, नदीकडून घेता, घरातल्या माणसांकडून घेता. घ्या, पण खडकापर्यंत खरवडू नका. हातभर मागे राहू द्या. आणि ज्याच्या भरवशावर तुम्ही कड्यावरून उतरता, त्याला खालून खरे उत्तर द्या.