डाव्या खांद्यावरची गोम

भाग्यश्रीने बैलाच्या डोळ्यात शेवटचा पांढरा ठिपका ठेवला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि ब्रश धुवायच्या आधीच चित्राचा फोटो काम देणाऱ्या ज्योतीरामला पाठवून दिला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. चित्र एक नंबर झालंय, पाखऱ्या आता हंबरतो की काय असं वाटतंय, असं भरपूर कौतुक करून झाल्यावर तो जरा घुटमळला.

"पण मॅडम, एक गोम आहे."

"सांगा ना. काय गोम आहे?"

"गोमच आहे."

"हो, पण कसली?"

"कसली म्हणजे? गोम, मॅडम. बैलाला आहे."

चिखलीत लहानाची मोठी झालेल्या भाग्यश्रीला दोनच गोमा ठाऊक होत्या. एक पावसाळ्यात न्हाणीघरात निघते ती, आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कामात निघते ती. तिसरीही असते, हे ज्योतीरामने तिला समजावून सांगितलं. जनावराच्या अंगावर केसांची एखादी उलटी रेघ असते, वळवळत गेलेली, तिला गोम म्हणतात. ती वाईट जागी असली तर तसलं जनावर कुणी दारात बांधत नाही. पाखऱ्याला ती डाव्या खांद्यावर, वशिंडाच्या खाली होती. भाग्यश्रीने ती फोटोत पाहिली होती आणि सावलीच समजून अगदी मन लावून रंगवली होती.

"घरात चारशे माणूस येणार आहे," ज्योतीराम म्हणाला. "तेवढी गोम काढा."

भाग्यश्रीला हसू आलं. शुभ-अशुभाला त्यांच्या घरात आजोबांपासून थारा नव्हता. पण गिऱ्हाईक म्हणेल ते, हा तिच्या कामाचा पहिला नियम होता. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून तिला कुत्र्यामांजरांची कामं यायची, आणि प्रत्येकाला काही ना काही नको असायचं. कुणाच्या लॅब्रेडॉरचे दात पांढरे करायचे, कुणाच्या पर्शियन मांजरीच्या डोळ्यांखालचे डाग पुसायचे, एका बाईंना तर आपला पग दोन किलोंनी बारीक हवा होता. भाग्यश्री सगळं करून द्यायची. तिचे वडील भिवा तीस वर्षं कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गाड्यांच्या दरवाजांवरचे ओरखडे शोधत आले होते. ते एकदा तिच्या फोनवरची चित्रं बघत म्हणाले होते की, पोरी, तुझी सगळी कुत्री एकाच कंपनीतून, एकाच शिफ्टला बाहेर पडल्यासारखी दिसतात. ती तेव्हा हसली होती, पण ते तिला लागलंही होतं.

या बैलावर म्हणूनच तिने जास्त जीव लावला होता. ज्योतीरामचं गाव चाकणच्या अलीकडे. शेतात आता गोदामं उभी होती आणि जुन्या घराच्या जागी दुमजली बंगला. रविवारी त्याची वास्तुशांती होती आणि सोमवारी पाखऱ्या जाणार होता. आळंदी रस्त्यावर निरंजनशेठचं लग्नाचं लॉन होतं. तिथे नवरदेवाला सजवलेल्या बैलगाडीतून मांडवात आणायची टूम निघाली होती, आणि शेठच्या एका पांढऱ्या बैलाला तसाच जोडीदार हवा होता. बंगल्यामागच्या गोठ्याच्या जागी पार्किंग व्हायचं होतं. ज्योतीरामचे वडील रंगराव पंचाहत्तरीचे, त्यांच्याच्याने आता वैरणपाणी होत नव्हतं. सौदा ठरल्यापासून म्हातारा आठ दिवस धड जेवला नव्हता. निदान हॉलमध्ये चित्र तरी असावं, म्हणजे आबांना बघायला होईल, असा ज्योतीरामचा विचार होता. मुलगा काही वाईट नव्हता. भाग्यश्रीने पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळला आणि गोम नाहीशी केली.

शनिवारी दुपारी ती चार फुटी चित्र रिक्षात आडवं घालून बंगल्यावर पोहोचली, तेव्हा ज्योतीराम आचाऱ्याकडे गेला होता. तानुबाईंनी तिला पाणी दिलं आणि नवऱ्याला हाक मारली. रंगराव आले, चित्रावरचा कागद निघेपर्यंत उभे राहिले आणि मग बराच वेळ बघत राहिले. भाग्यश्री त्यांच्या तोंडाकडे बघत होती. डोळे भरून येतील, ते मान हलवतील, असं काहीतरी तिला वाटलं होतं. माणसं तिच्या चित्रांपुढे रडत असत.

"ग्वाड हाय," रंगराव म्हणाले. "कुणाचा हाय?"

"आबा, तुमचाच. पाखऱ्या."

"न्हाई बा. ह्यो आमचा न्हाई."

भाग्यश्रीचा चेहराच उतरला. तानुबाईंना तिची दया आली असावी. पोरीला जनावर तरी दाखवा, असं त्या म्हणाल्या. मग तिघंही मागच्या गोठ्यात गेली. पाखऱ्या भिंतीला अगदी खेटून उभा होता, डावं अंग भिंतीकडे. निरंजनशेठ बघायला येणार होता त्या दिवशी ज्योतीरामनेच त्याला तसा बांधला होता. गोम सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती, एकट्या शेठला सोडून. रंगरावांनी कासरा सोडून बैल फिरवला, भाग्यश्रीचा हात धरला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. केस एका जागी उलटे फिरले होते, बोटाला खरखरीत लागत होते. त्याखालचं कातडं ऊन होतं.

चाकणच्या बाजारात हे खोंड सकाळपासून उभं होतं, रंगराव सांगू लागले. येणारा जो तो खांदा बघायचा आणि पुढे जायचा. घर खाईल, धनी खाईल, असं बोलायचे. रंगरावांनी ते घरी आणलं. आणल्यापासून पाखऱ्या चार वर्षं शर्यतीच्या घाटात गाड्याला पळाला, दोनदा पहिला आला, आणि त्याने खाल्लं काय म्हणाल तर वैरण आणि तानुबाईंच्या हातची भाकरी.

"मग शेठना सांगा की तुम्ही," भाग्यश्री म्हणाली. "गोम आहे म्हटल्यावर ते नेणार नाहीत."

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. तेवढंच तर करता येत नव्हतं. लेकाने आधीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की उद्या शेठ जेवायला आला तरी त्याच्यापुढे ते तोंड उघडणार नाहीत. शब्द दिला म्हणजे दिला. तानुबाईही त्यात बांधल्या गेल्या होत्या. रंगराव बैलाची मान खाजवत उभे राहिले. भाग्यश्रीला वाटलं, आता आपण निघावं.

"तुला काय सांगितलं ज्योतीनं?" त्यांनी मध्येच विचारलं. "सबूद न सबूद सांग."

"गोम काढा, म्हणाले."

"मंग काढ की."

भाग्यश्री त्यांच्याकडे बघत राहिली. रंगरावांचा चेहरा ढिम्म होता, पण तानुबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"त्याचंच ऐकायचं," रंगराव म्हणाले. "गिऱ्हाईक त्यो हाय. आणि जरा ठसठशीत काढ. आमच्या गावच्या दत्तोबाला मोतीबिंदू हाय, त्याला दिसली पायजे."

तिने चित्र गोठ्याच्या दारात टेकवलं आणि रंगाची पेटी उघडली. गिऱ्हाइकाशी आपण दगाबाजी करतोय, हे तिला कळत होतं, आणि तरीही तिने ब्रश उचलला. गोम काढून झाल्यावर तिला इतरही गोष्टी दिसायला लागल्या. मानेवरचा जुवाचा घट्टा, उजव्या कानाचा फाटका कोपरा, गुडघ्यावरची जुनी खोक. फोटोत यातलं काहीच नव्हतं. ती एकेक घालत गेली आणि उन्हं उतरेपर्यंत तिला कशाचंच भान राहिलं नाही. इतकी मजा तिला कॉलेज सुटल्यापासून आली नव्हती.  रंगरावांनी या वेळी चित्रापुढे पेंडीचा तुकडा धरला आणि स्वतःच हसले. तानुबाईंनी वर नवी साडी टाकली, आणि पूजेआधी कुणी उघडायचं नाही असा हुकूम सोडला. ज्योतीरामला मंडप, आचारी आणि भटजी यांतून मान वर काढायला सवड नव्हती.

रविवारी पूजा झाली, साडी निघाली आणि पुऱ्यांच्या पंगती सुरू असतानाच चित्रापुढे गर्दी जमली. गावची म्हातारी माणसं जवळ जाऊन बघत होती, एकमेकांना ढोसत होती. निरंजनशेठ ताट घेऊनच तिथे आला. हातात कडं, बोलायला मोकळा माणूस. हे खांद्यावर काय आहे, असं त्याने सहज विचारलं.

"गोम हाय की," दत्तोबा म्हणाले. मोतीबिंदू असूनही त्यांना ती दिसली होती.

शेठने जिलबीचा तुकडा ताटात परत ठेवला. गोम म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. लग्नाच्या धंद्यात असल्या गोष्टी फार लवकर शिकाव्या लागतात. ज्योतीराम गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि त्याने चित्र बघितलं. मग भाग्यश्रीला बघितलं.

"रंग सांडला असेल," तो म्हणाला. "काय मॅडम? डाग आहे ना तो?"

सगळे तिच्याकडे वळले. हो म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. चित्र, गिऱ्हाईक, आणि त्या गर्दीतून मिळू शकणारी पुढची दहा कामं. पलीकडे रंगराव मान खाली घालून पुरीचे तुकडे करत बसले होते, एकही तोंडात जात नव्हता.

"डाग नाही," भाग्यश्री म्हणाली. "काल हात लावून बघितली, मग काढली."

निरंजनशेठने ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. बैल नंबरी आहे यात वादच नाही, तो म्हणाला, पण धंदा लग्नाचा आहे, राव. उद्या कुणाचं काही बिनसलं तर नवरा-बायको सुटतील आणि बोंब माझ्या बैलाच्या नावाने होईल. मग त्याने जिलबी संपवली, तानुबाईंना वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

ज्योतीराम भाग्यश्रीला जिन्याखाली घेऊन गेला. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"गोम काढा, असं."

तिच्या तोंडून आपलेच शब्द ऐकल्यावर त्याला ते कळलं. हे डोकं या मुलीचं नव्हे, हेही कळलं. तो वळून बापाकडे बघायला लागला. रंगरावांनी पंगतीतल्या वाढप्याला थांबवून दोन पुऱ्या मागून घेतल्या होत्या, वर बासुंदीसाठी वाटी पुढे केली होती, आणि तानुबाई त्यांना दमाने खा म्हणून दटावत होत्या. आठ दिवसांनी आबा मागून घेऊन जेवताना ज्योतीरामला दिसत होते. मग त्याने खिशातून फोन काढला आणि पार्किंगच्या ठेकेदाराला लावला.

"हां, समाधानभाऊ. उद्या काँक्रीट ओतायच्या आधी एक काम करा, मागं एका गाडीची जागा मोकळी सोडा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही नाही, गाडी नाही लावायची. बैल आहे."