कायदा झाला तेव्हा

माझे सासरे ल्युशस टिंबर्लेक यांची जॉर्जियात भुईमुगाची शेती. गोऱ्या शेजाऱ्यांना सरकारी कर्ज पेरणीआधी मिळायचं, सासऱ्यांना पेरणीची वेळ टळून गेल्यावर. उशिरा पेरलेलं पीक हातचं जायचं, कर्ज तेवढं मागे उरायचं. म्हणूनच माझा नवरा रेफर्ड शेती सोडून अटलांटात बस चालवत होता.

२०२१ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला कायदा झाला. आम्हा काळ्या शेतकऱ्यांवर वर्षानुवर्षं अन्याय झाला, म्हणून सरकारी कर्ज माफ. सासऱ्यांचा लगेच फोन. "रेफर्ड, ये परत. जमीन वाचली!"

"बाबा, माफी प्रत्यक्ष मिळू तर दे."

"अरे, कायदा झालाय! आता काय देवाने खाली येऊन सांगायचं?"

रेफर्डने नोकरी सोडली. मीही सोडली आणि आम्ही गावी परतलो. सासूबाईंनी चर्चच्या अंगणात सगळ्यांना तळलेली मासळी खाऊ घातली. सासऱ्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जूनमध्ये काही गोरे शेतकरी कोर्टात गेले. रंग बघून माफी दिली, हा आमच्यावरच अन्याय, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी माफी थांबवली.

सासरे मला घेऊन कर्जाच्या ऑफिसात गेले. तिथली बाई अदबीनं म्हणाली, "आमच्या हातात काही नाही, मिस्टर टिंबर्लेक."

"मग कुणाच्या हातात आहे, तेवढं सांगा. मी तिथे जातो."

तिने पुढच्या माणसाला बोलावलं. सासरे टोपी हातात धरून तिथेच उभे राहिले. शेवटी मीच त्यांना बाहेर आणलं.

घरी आल्यावर ते रेफर्डला म्हणाले, "तू अटलांटाला जा. चूक माझी झाली."

"तिथे माझी बस आता दुसरा चालवतो, बाबा." एवढं बोलून तो ट्रॅक्टरकडे गेला.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने तो कायदाच मागे घेतला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा रेफर्ड शेतात होता. सासऱ्यांनी रेडिओ बंद केला.

"त्याला आज सांगू नकोस, पोरी. पीक निघू दे."

मी स्वयंपाकाला लागले. दुपारी रेफर्ड जेवायला आला. त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता हात धुवायला गेला.