टाकी मुरेपर्यंत

इंजिनिअरने काचेची बोटभर नळी खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं,

"आज गुलाबी कमी आहे."

"असू दे. तुम्ही जरा सरका, मला सुई दिसेना," त्याची बायको म्हणाली.

तो सरकला, पण नळीसकट. नळीतलं पाणी समोरच्या टाकीतलं होतं; तपासायचं औषध घातलं की ते गुलाबी व्हायचं. टाकी चांगली पलंगाएवढी लांब, खाऱ्या पाण्याने भरलेली, आणि आत जवळजवळ नुसते दगड. दगडांवर तपकिरी साय धरू लागली होती. दोन टीचभर नारिंगी मासे होते, ते नव्या भाडेकरूंसारखे अंग चोरून एका कोपऱ्यात राहत. बघण्यासारखं एवढंच, तरी इंजिनिअर सकाळ-संध्याकाळ स्टूल ओढून टाकीसमोर बसे.

उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या पोटात इंजिनांची निगा राखण्यात घालवून तो नुकताच कायमचा घरी आला होता. आल्या आल्या त्याने ही टाकी मांडली, तीही जिथे बायकोचं कापड बेतायचं टेबल होतं बरोबर तिथे. तिथे ऊन येत नव्हतं आणि जमीन पक्की होती, म्हणून. टेबल मागच्या खोलीत गेलं आणि टेबलामागोमाग तिचं मशीनही. विचारलं होतं त्याने, नाही असं नाही. पण ज्या आवाजात तो जहाजावर खलाशांना विचारत असेल त्याच आवाजात विचारलं होतं.

"दगडच पाळायचे होते तर दाराबाहेर काय थोडे होते?" ती धागा ओवत म्हणाली.

"दगड नाही गं, कोरल. प्रवाळ. पण इतक्यात नाही. टाकी मुरली पाहिजे."

"म्हणजे?"

"आधी हे तपकिरी येतं, ते जातं. मग हिरवं येतं, तेही जातं. पाणी रोज तेवढंच खारट, तेवढंच ऊबदार राहायला लागलं की मगच कोरल घालायचं. घाई केली तर ते मिटून बसतं आणि एक दिवस मरून जातं."

"मग किती दिवस हे असंच?"

"दिवस नाही, महिने."

तिने सुई खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. महिनोन्‌महिने थांबायचं म्हणतोय, आणि तेही हा माणूस! तिला हसूच आलं.

तिचा नवरा म्हणजे सुट्टीतला नवरा. बॅग दारात टेकवायचा तीच मुळी घाईत. पुढच्या दीड-दोन महिन्यांत घराला रंग, गळक्या नळांची दुरुस्ती, नातेवाइकांच्या भेटी, सगळं उरकायचं. लेकीला सायकल शिकवली तीही अशीच. तिचे पाय अजून जमिनीला धड टेकत नव्हते. बायको म्हणत होती, पुढच्या वर्षी शिकवा. पण पुढच्या वर्षी सुट्टी कधी पडेल हे कुणाला ठाऊक! पोरीने दात पाडून घेतला, पण सायकल आली. त्या संध्याकाळी बाप सायकलीमागे गल्लीभर धावत होता आणि ही दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तितकं नंतर ती कधी हसली का, तिला आठवेना.

काय दिवस होते ते! तो यायच्या आधी आठवडाभर ती पडदे धुवायची, स्वतःसाठी काहीतरी नवं शिवायची. शेजारणी चिडवायच्या, आणि तिला ते चिडवणं हवंसं वाटायचं. तो आला की रोज संध्याकाळी दोघं पायी फिरायला जात, परत येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरत. भांडायला वेळच नसे. एखादी गोष्ट खुपली तरी ती गिळून टाकी, कारण उरलेले दिवस कशाला नासवा? तो गेला की दोन दिवस जेवण घशाखाली उतरायचं नाही. मग हळूहळू घर पुन्हा तिच्या हाताला लागायचं, आणि खरं सांगायचं तर त्यातही एक सुख होतंच.

आता तो रोजच होता. टाकीपासून मोरीपर्यंत जमिनीवर खाऱ्या थेंबांचे पांढरे डाग पडत. ती डबे पुन्हा मांडायची, तो ते उंचीप्रमाणे लावायचा. आणि पंपाची घरघर अखंड चालू. त्या घरघरीचा एक फायदा मात्र तिने शोधला होता. मागच्या खोलीत बसून लेकीशी फोनवर बोललं तर पुढे काही ऐकू जात नसे.

एका दुपारी इंजिनिअर शोभेच्या माशांच्या दुकानात टाकीचं मीठ आणायला गेलेला असताना जहाज कंपनीचा फोन आला. एक जुनं जहाज होतं, त्याच्या हातचं. त्याचं इंजिन नव्या माणसांना दाद देत नव्हतं. साहेब एक शेवटची फेरी करतील का? पाच महिने फक्त.

तिने निरोप जसाच्या तसा दिला. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

"बघू," तो म्हणाला आणि बाही सरसावून टाकीत हात घातला.

ती मागच्या खोलीत गेली आणि तिने लेकीला फोन लावला.

"जातील का गं बाबा?" लेकीने विचारलं.

"जातील तर बरंच. जरा श्वास घेईन मी. आणि परत येतील ना, तेव्हा पुन्हा पहिल्यासारखे येतील बघ. बॅग घेऊन." हे बोलताना तिचा आवाज हरखला होता.

दुसऱ्या दिवशी मध्यान्हीला इंजिनिअर दुकानातून परतला तो एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून. पिशवीत पाणी, पाण्यात तळहाताएवढा दगड आणि दगडावर फिकट जांभळी, मऊ बोटं, घट्ट मिटलेली. त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि पिशवी तशीच पाण्यावर तरंगत सोडली.

"हे काय?"

"कोरल. आतलं पाणी टाकीइतकं ऊबदार झालं की काढून दगडावर बसवायचं."

"पण टाकी मुरलीय कुठे? तुम्हीच म्हणत होता. तपकिरीसुद्धा गेलेलं नाही अजून."

"जगेल. चिवट जात आहे म्हणतात ही." तो पिशवीकडेच बघत होता. "मी नसताना तुला बघायला काहीतरी असावं. नुसत्या दगडांकडे काय बघत बसणार तू?"

म्हणजे ठरलं होतं तर. तिला एकदम हलकं वाटायला हवं होतं. पडदे धुवायचे आठवायला हवे होते. त्याऐवजी तिला तो सायकलीमागे धावताना दिसला, धापा टाकणारा, आणि या वेळी हसू आलं नाही. हौस म्हणून का धावत होता तो? त्याच्याजवळ दिवस नव्हते म्हणून धावत होता. मोठं होणाऱ्या पोरीची वाट बघायची चैन त्याला परवडणारी नव्हती. जन्मभर या माणसाने प्रत्येक गोष्ट वेळेआधी केली होती, आणि ती त्यालाच मजा समजून जपून ठेवत आली होती.

"तुम्हाला जायचंय?" तिने विचारलं.

त्याने हाताला लागलेलं पाणी पँटला पुसलं.

"काल फोनवर बोलत होतीस ना, तेव्हा मी पंप धुवायला काढला होता," तो म्हणाला. "बंद होता. घर अगदी शांत होतं गं."

तिच्या कानांपर्यंत आग गेली. खोटं बोलावं, लेकीची थट्टा करत होते म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण थट्टा नव्हती ती.

"बोलले खरी मी," ती म्हणाली. "आणि मनापासून बोलले. तुम्ही घरात असलात की मला माझंच घर सापडत नाही कधी कधी."

"मलाही नाही सापडत," तो म्हणाला. "जहाजावर रात्रीसुद्धा डोळे मिटून चालायचो मी. इथे दिवसा ठेचा लागतात."

दोघंही टाकीकडे बघत राहिले. पिशवी पंपाच्या धारेत सावकाश गोल फिरत होती. नारिंगी मासे खालून येऊन तिला तोंड लावून बघत होते.

मग तिने बाही वर केली, हात घातला आणि पिशवी बाहेर काढली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, जमिनीवर सांडलं.

"अगं, काय करतेस?"

"चपला घाला. हे परत देऊन येऊ."

"आणि कंपनीला काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. पण याला आज आत घालायचं नाही. मरेल हे, तुम्हाला माहितीय. आणि मग मी एकटी ते बघत बसू?"

तो चपला शोधू लागला.

दुकानात निळ्या उजेडाच्या टाक्या रांगेने गुरगुरत होत्या. दुकानदाराने पिशवी हातात घेऊन वर धरली आणि तिच्याकडे तक्रार केली,

"मी साहेबांना म्हटलं होतं, वहिनी, एवढ्यात नेऊ नका. तर म्हणाले, माझ्याकडे वेळ नाही."

इंजिनिअर शेजारच्या टाकीत वाकून काहीतरी निरखत होता. खरं म्हणजे त्या टाकीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

"हरकत नाही, राहू दे माझ्याकडे," दुकानदार म्हणाला. "मोठं होईल तोवर. परत कधी नेता?"

तिने ओठ घट्ट मिटले. हे उत्तर तिने द्यायचं नव्हतं.

इंजिनिअर सरळ उभा राहिला. मनातल्या मनात हिशेब करताना व्हायच्या तशा त्याच्या भुवया जवळ आल्या. तपकिरी जायचं होतं, हिरवं यायचं होतं, तेही जायचं होतं.

"थंडी पडली की येतो," तो म्हणाला. "हिने घाई केली तर थोडं आधी. पण मी इथेच आहे."

लग्न झाल्यापासून या माणसाने तिला सांगितलेली प्रत्येक तारीख येण्याची नाहीतर जाण्याची होती. तिला तिथेच, दुकानदारासमोर, रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती उगाचच घाईने दरवाज्याकडे वळली.

"अगं, हळू," तो मागून म्हणाला. "थांब, येतोय मी."

ती दारात थांबली.