आटत्या पाण्याचा पिंप

मित्रांनो, मी एक जुना निळा पिंप आहे, आणि तोही अर्धाच. वाशिंदच्या भंगारातून धाकलूने मला शहापूरच्या वरल्या पाड्यावर आणला, करवतीने मधोमध कापला. माझ्यात भाताचं बी भिजायचं. लोक म्हणायचे, धाकलूचा पिंप लय कामाचा. काठाला चीर गेली आणि कौतुक संपलं. मला पालथा घालून खाली कोंबड्या कोंडल्या. राग येणार नाय तर काय?

यंदा मुरबाडहून प्रियांका आली, कॉलेजात बेडकांचा अभ्यास करणारी. धाकलूच्या बायकोकडे, मालूकडे तिने ओटीवर जागा मागितली, मलाही मागून घेऊन सरळ केला. खाचरातून बेडकाची अंडी आणली, सगळी एकाच आईची. अर्धी माझ्यात, अर्धी पांढऱ्या टबात. पांढरा भरलेला ठेवायची. माझ्यातलं पाणी रोज मगभर काढायची. पाणी आटत चाललं तर बेडूकमाशांना पाय लवकर फुटतात का, ते तिला बघायचं होतं. हे ती फोनवर सरांना सांगायची. मालूला नाय.

मालू म्हणजे चैत्र-वैशाखात चढावरून हंडे वाहणारी बाई. खाली धरण, त्याचं पाणी मुंबईला. माझ्यातली पिल्लं बोटभर पाण्यात वळवळताना तिला बघवलं नाय. प्रियांका शहापूरला गेलेली, तेवढ्यात मालूने अख्खा हंडा माझ्यात ओतला. मला तोंड असतं तर बोंबललो असतो.

प्रियांका आली, बघितलं, भडकली. "मावशी, काय केलंत हे? माझं वर्ष गेलं. जरा तरी अक्कल?"

"अक्कल मागितलीस कधी?" मालू बोलली. "ओटी मागितलीस, पिंप मागितलास. हे कशाला, ते बोललीस? मला वाटलं पोरगी विसरली, पोरं तडफडतात."

 मग प्रियांकाने सगळं सांगितलं. आटत्या पाण्यातली लवकर बाहेर पडतात, पण अंगाने बारीक राहतात.

"आमचा पोरगा जगन पण तसाच गो," मालू बोलली. "मिसरूड फुटायच्या आत कल्याणला कामाला गेला. बारीकच राहिला."

 दोघींनी मिळून सगळी पिल्लं खाचरात सोडली.

माझं डोकं अजून तापलेलंच आहे. मित्रांनो, कुणाच्या दारात आपलं काम मांडाल तर त्या माणसाला आधी धड सांगा. मला नका सांगू, मी पिंप आहे. मालूला सांगा. तिने ओतलं नसतंच, वर राखण करत बसली असती.