पाणमांजराकडे पाठ

वेंडेल पिल्कननच्या पोटात दुखत होतं, आणि त्यात हॅमच्या सँडविचचा काही दोष नव्हता. एल्डन सॉर्बीला पुरून मंडळी चर्चच्या तळघरात जेवायला जमली होती. जो उठेल तो एल्डनचं गुणगान गात होता. नव्वदी पार केली होती गड्यानं, आणि गेला तोही तळ्याकाठी, पाण्यात गळ टाकून बसल्या बसल्या. मरणसुद्धा मेल्याला हवं तसं आलं!

टॅमरॅक फॉल्समध्ये मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारे दोघंच, एल्डन आणि वेंडेल. पेंढा आता कोण भरतंय म्हणा, साच्यावर कातडं चढवतात, पण गावात म्हणायची रीत तीच. एल्डनचा उभा जन्म रानात गेला. हरणाच्या मागावर गुडघाभर ओढ्यातून चालेल, बर्फात पालथा पडून कोल्ह्याचं बीळ बघत बसेल. गावातल्या निम्म्या पोरांना पहिला मासा यानंच धरून दिलेला. वेंडेल आपला दुकानात, दिव्याखाली, सुई घेऊन. एक डास चावला तरी त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. गिऱ्हाईक आधी एल्डनकडे जायचं, त्याच्याकडे कामाचा ढीग असला की मग वेंडेलचं दार वाजायचं. उरलंसुरलं खाऊन कुणाचं मन भरलंय?

आज जो तो एल्डननं केलेलं जनावर घरून घेऊन आला होता. भिंतीलगत हरणांची मुंडकी, बदकं, एक अस्वल, त्याच्या पंजावर कुणीतरी टोपीच अडकवलेली. आणि मधोमध, एल्डनच्या फोटोशेजारी, रॉस्कोच्या बारमधलं पाणमांजर. बर्फाच्या भोकातून नुकतं वर आलेलं, केस ओले, मिशीच्या टोकाला पाण्याचा थेंब. आता अंग झटकेल म्हणून माणसानं मागे सरावं, असं.

ते पाणमांजर वेंडेलनं केलेलं होतं.

ऐन तारुण्यात केलं आणि रॉस्कोच्या बापाला दिलं. बाप गेला, आणि कुणी केलं हे सांगणारा कुणी उरला नाही. एवढं देखणं काम म्हणजे एल्डनचंच, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. आणि या गावात चोरी केलेली एक वेळ खपेल, पण आपल्या तोंडानं आपली तारीफ? छे, छे! वेंडेल वाट बघत राहिला, कधीतरी एल्डनच सांगेल म्हणून.

एल्डननं कधीच सांगितलं नाही. शुक्रवारी तळलेला मासा खायला सगळं गाव रॉस्कोकडे लोटायचं. एल्डनची खुर्ची ठरलेली, पाणमांजराकडे पाठ करून. लोक म्हणायचे, "बघा, स्वतःच्या कामाकडे वळूनसुद्धा बघत नाही. काय विनय!" वेंडेलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विनय कसला डोंबलाचा! माझं काम याला बघण्याच्या लायकीचंही वाटत नाही, हे वेंडेलनं केव्हाच ओळखलं होतं.

रॉस्को उठला. "एल्डननं दुसरं काही केलं नसतं, नुसतं हे पाणमांजर केलं असतं, तरी—"

वेंडेल ताडकन उभा राहिला. बायकोनं, आयडानं, त्याच्या कोटाचं टोक धरलं. "बस खाली. मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करतोस?"

"सोड! उद्या मी मेल्यावर माझ्या जेवणालाही हेच आणून ठेवतील, एल्डनचं म्हणून!" मग तो मोठ्यानं म्हणाला, "ते पाणमांजर माझं आहे. मी केलंय."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू टेबलाटेबलांवरून फिरलं.

"वेंडेल," रॉस्को म्हणाला, "माती अजून ओली आहे हो त्याच्यावरची. आज तरी जळू नका."

वेंडेल कानापर्यंत लाल झाला. तो धपकन खाली बसला.

"खरं बोलतोय तो." एल्डनची बायको लॉर्ना कॉफीची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती. तिनं किटली खाली ठेवली. "त्याचंच आहे ते. एल्डनला पक्कं माहीत होतं."

"मग तो बोलला का नाही?" रॉस्कोनं विचारलं.

"बोलतोय! त्याला बघवायचं नाही त्या पाणमांजराकडे. म्हणून पाठ करून बसायचा. घरी आला की माझं डोकं खायचा. 'लॉर्ना, मी आयुष्यभर पाणमांजरांच्या मागे भिजलो. तो वेंडेल डासाला घाबरून दुकानाबाहेर पडत नाही. मग त्याला ओला केस कसा दिसला?'"

मग कोपऱ्यातून एक म्हातारी गहिवरून म्हणाली, "बायकोपाशी कबूल केलं हो त्यानं! किती मोठ्या मनाचा माणूस!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वेंडेलनं कपाळावर हात मारून घेतला. यातही एल्डनच मोठा!

लॉर्ना त्याच्याजवळ येऊन बसली. "मोठ्या मनाचा कसला! जळून कोळसा व्हायचा."

"खरंच?"

"अर्धा मासा ताटात टाकून उठायचा दर शुक्रवारी. मी डब्यात घालून घरी आणायची."

वेंडेलनं पाणमांजराकडे बघितलं. मग त्याच्याकडे वळवलेली एल्डनची ती रुंद पाठ त्याला आठवली. इतकी वर्षं त्या पाठीवर डोळे रोखून तो जेवला होता, आणि गावात ते काम खरं कळलेला माणूस तेवढा एकच होता. पोटातलं दुखणं थांबलं. किती दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली.

"आयडा, मला थोडं हॉटडिश वाढ, ते बटाटा-मांसाचं भाजलेलं," तो म्हणाला. तिनं चांगलं ताट भरून दिलं. त्यानं दोन घास खाल्ले, आणि त्याची नजर पाणमांजराशेजारच्या फोटोवर गेली: तो एकच माणूस आज मातीआड गेला होता. वेंडेलनं अर्धं ताट तसंच टाकलं.